निळ्या खुर्चीतल्या बाबांना नमस्कार करावा

सुमेध गायकवाड कुठल्याही अनोळखी जागी उतरला की समोर जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

माणूस म्हणतो, "काही नाही."

"बरं," म्हणून सुमेध तिथेच उभा राहतो. हलत नाही. पाच-दहा मिनिटांनी परत तेच विचारतो. आता माणूस वैतागतो. "अहो, सांगितलं ना एकदा! देव बघायचाय तर टिटवाळ्याला जा. इथे काय नाय." सुमेध पुन्हा "बरं" म्हणतो आणि पाठीवरची सॅक काढून खाली ठेवतो. त्याची ही सॅक खाली ठेवायची पद्धत इतकी चीड आणणारी आहे की मी त्या माणसाच्या जागी असते तर चार शेजारी गोळा केले असते. मग तो तिसऱ्यांदा विचारतो.

आणि तिसऱ्यांदा माणूस बोलतो. खोटं वाटेल, पण मी स्वतः उभी होते. कल्याणला एका पुलाखाली पंक्चरवाला बसतो. त्याने तिसऱ्या वेळेला हातातलं टायर खाली आपटलं, आत गेला आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. लोकांच्या टायरमधून निघालेल्या वस्तू त्याने बारा वर्षं जपून ठेवलेल्या. खिळे, स्क्रू, कंपासपेटीतलं कर्कटक, एका बाईचं कानातलं आणि एक दात. "माणसाचाच हाय," तो छाती फुगवून म्हणाला. सुमेधने तिथल्या तिथे वहीत चार पानं लिहिली. मी त्याच वर्षी हिमालयात स्पितीला आठ दिवस जाऊन आलेले आणि मला चार ओळी धड सुचत नव्हत्या. राग येणार नाही तर काय होणार?

"पहिलं 'काही नाही' सवयीचं असतं," सुमेध सांगतो. "दुसरं रागाचं. तिसऱ्याच्या आधी निघून जातो तो टूरिस्ट."

हा 'टूरिस्ट' शब्द तो माझ्याकडे बघून उच्चारतो.

आम्ही दोघं कल्याणला लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कामाला आहोत. तो कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो, मी प्रुफं वाचते. 'श्री गणेशाय नमः' कुठे, 'मंगल परिणय' कुठे, 'कै.' कोणाला आणि 'कालकथित' कोणाला, धाकट्या काकांचं नाव थोरल्यांच्या वर गेलं तर कुठल्या घरात भांडी आपटतील, हे मला झोपेतही सांगता येईल. दोघांनाही लेखक व्हायचंय. तो सत्तावीसचा, मी पंचविसाची. घरी मला विचारतात, "अजून लिहितेस का गं?" जणू काही ताप आहे आणि अजून उतरला नाही.

स्पितीहून आल्यावर मी हट्टाने चौतीस पानं लिहून काढली. सुरुवात 'निळ्याशार आकाशाखाली मी एकटीच' अशी. प्रत्यक्षात आम्ही नऊ जण होतो आणि त्यातल्या तिघांना उलट्या होत होत्या. पण ते लिहायचं नसतं अशी माझी समजूत. सुमेधने पानं रात्रीत वाचून परत दिली. चौतीस पानांत एका ओळीवर पेन्सिलची बरोबरची खूण. 'ड्रायव्हर प्रत्येक वळणावर देवाला हात जोडायचा, पण हॉर्न वाजवायचा नाही.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं तुला दिसलं. बाकीचं तू ऐकलेलं आहेस."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो टेबलापाशी येऊन म्हणाला, "काय हिमालय, चहा घेणार?" तेव्हापासून प्रेसमध्ये माझं नाव हिमालय. मालकही कधीकधी चुकून म्हणतात.

हा स्वतः काय फिरलाय म्हणाल, तर दर रविवारी सकाळी निघायचं, शेअर रिक्षा नाहीतर एसटी जिथवर नेईल तिथवर जायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी. सहा म्हणजे सहा. "घरी सांगायचं असतं," म्हणतो. कोणाला, ते सांगत नाही. मला वाटायचं, असेल कोणीतरी, लपवतोय लेकाचा. बाळकुमला राहतो, भिवंडीमार्गे बसने ये-जा करतो आणि त्या बसमध्येही कोणाला ना कोणाला तीनदा विचारून झालेलं असतं. जिल्ह्याच्या बाहेर त्याने आयुष्यात पाय ठेवला नाही. त्याच्या सात वह्या आहेत. एकीवर लिहिलंय, 'आंबिवली : खंड पहिला'. आंबिवली म्हणजे कल्याणपासून फक्त दोन स्टेशनं.

डोंबिवलीला एकदा तरुण लेखकांचा मेळावा होता. एक मोठे गृहस्थ छान बोलले. म्हणाले, "तरुणांनो, अनुभवविश्व विस्तारा. बाहेर पडा, जग बघा. रोज त्याच त्या रस्त्यांवर काय मिळणार?" मी मान डोलवत होते, तेवढ्यात आमचा गडी उठला.

"सर, तुम्ही आंबिवली बघितलीय?"

"आंबिवली? तिथे काय आहे?"

"तेच विचारतोय," सुमेध म्हणाला. "तुम्ही बघितली नसेल तर जग थोडं राहिलंय तुमचं."

सभागृह हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी त्याच्या शेजारी बसलेले. गृहस्थांनी नंतर बाजूला घेऊन त्याला प्रेमाने सांगितलं, की शैली चांगली आहे, जरा एखादं मोठं ठिकाण घे, आमच्या अंकात छापतो. सुमेधने हात जोडले. "नको. मग ते माझं राहणार नाही." बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. छापून आलं असतं रे गाढवा! तो म्हणाला, "येईल की. घाई काय आहे?"

आणि आलं. कुठे, ते ऐका.

म्हसकरकाका म्हणून एक गिऱ्हाईक आलं. मुलीचं लग्न, आंबिवलीच्या पुढे त्यांच्या गावात, घरच्या मैदानावर. नवऱ्याकडची मंडळी ठाण्याची. काका म्हणाले, "ते मोबाइलवरच्या नकाशाचं तेवढं टाकू नका. तो आमच्याकडे येणाऱ्याला डायरेक्ट नदीत नेतो. त्यापेक्षा रस्ता नीट लिहा. माणसाला समजेल असा."

नीट लिहा. माणसाला समजेल असा. आजवर सुमेधला कोणी असं सांगितलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने प्रूफ वाचून त्यावर सही केल्याशिवाय छापायला जात नाही. आणि गिऱ्हाईक काय वाचतं? नावं. फक्त नावं. म्हसकरांकडून नऊ माणसं प्रूफ वाचायला आली. निमंत्रकांत कोण, व्यवस्थापकांत कोण, 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांत चिनू आधी की मनू, यावर दोन तास रणकंदन झालं. एक आत्या रुसून खाली रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी आत्यांची समजूत काढत होते. त्या गडबडीत काकांनी सही केली, मी सही केली, आणि पत्रिकेची मागची बाजू नवांपैकी एकानेही उलटून पाहिली नाही. तीनशे प्रती छापून, हळदकुंकू लावून, घरोघर वाटून झाल्या.

मागे हे होतं :

'आंबिवली स्टेशनाबाहेर आल्यावर घाई करू नये. रिक्षावाले "तिथे काय आहे?" विचारतील, त्यांना "लग्न" असे सांगावे. रस्ता पुढे दोन ठिकाणी फुटतो. पाटी नाही, कारण तिथल्यांना ती लागत नाही. फाट्यावर बंद गिरणीसमोर निळ्या खुर्चीत एक बाबा बसतात. त्यांना नमस्कार करावा. बाबा आधी "काही नाही" म्हणतील. थांबावे. मग ते काठीने दाखवतील त्या बाजूला जावे. चिंच लागली की गाव आले. तिथून पुढे जेवणाचा वास येईल, तो आपलाच आहे.'

चार दिवसांनी म्हसकरकाका प्रेसमध्ये आले ते पत्रिका नाचवतच. "हा बाबा कोण? कोण हा? माझ्या पाहुण्यांनी ह्याला नमस्कार का म्हणून करायचा?"

खरा घोळ पुढेच होता. नवऱ्याकडून फोन आलेला, की ज्यांना सगळ्यांनी नमस्कार करायचाय ते बाबा मुलीचे कोण लागतात? एवढे मोठे आहेत तर निमंत्रकांत नाव का नाही? आणि त्यांना मानाचं काय आणायचं? काकांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते "टॉवेल-टोपी" म्हणून मोकळे झाले. आता नवऱ्याकडचे टॉवेल-टोपी घेऊन येणार होते, आणि तो बाबा कोण हे काकांना स्वतःलाच माहीत नव्हतं! त्याच रस्त्याने जन्मभर जाणारा माणूस!

आमचे मालक, अण्णा परब, शांत गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांचा चष्मा थरथरत होता. "बाबा रे, पत्रिका ही कादंबरी नव्हे." वाटलेली पत्रिका परत मागणं म्हणजे अपशकुन. तेव्हा अण्णांनी तोड काढली : सगळ्यांना मोबाइलवर एक ओळ पाठवायची, 'मागील बाजूचा मजकूर रद्द समजावा', आणि खाली नकाशा. सुमेध, टाईप कर.

"नाही करणार," सुमेध म्हणाला.

"काय?"

"रस्ता खरा आहे. बाबा खरे आहेत. चिंच खरी आहे. रद्द काय समजायचं, अण्णा? चुकीचा शब्द दाखवा, आत्ता काढतो."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी प्रूफवरच्या माझ्या सहीकडे बघायला लागले. शेवटी ते म्हणाले, "ठीक. तुझ्या मजकुरावर लोक पोचतात का बघू. एक जरी पाहुणा हरवला, तर सोमवारपासून येऊ नकोस." काका म्हणाले, "आणि हरवला तर मी ह्याला सोडणार नाही." सुमेध "बरं" म्हणाला. तेच, सॅक खाली ठेवणारं बरं.

जिन्यावर मी त्याला गाठलं. "अरे, आणि त्या दिवशी बाबा आलेच नाहीत तर? म्हातारा माणूस आहे!"

"येतील."

"तू तरी जाऊन उभा राहा फाट्यावर."

"छापून झालंय, हिमालय. आता मी तिथे कशाला? आणि रविवारी मला घरी सांगायचं असतं."

म्हणजे नोकरी ह्याची आणि जीव माझा टांगणीला. लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला फाट्यावर मी एकटी. बंद गिरणी होती, निळी खुर्ची होती आणि खुर्चीत कोणी नव्हतं.

पहिली रिक्षा लांबून येताना दिसली. मी खुर्चीत जाऊन बसायच्या बेतात होते, शप्पथ. तेवढ्यात गल्लीतून बाबा आले. पांढरा सदरा, गुळगुळीत गाल, हातात काठी. "दाढी कराला गेल्तो," म्हणाले. "पत्रिकेत आलोय ना मी." त्यांना गावातल्या कोणीतरी आदल्या दिवशी मागची बाजू वाचून दाखवलेली.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते मला कुठल्याही पर्वतावर दिसलेलं नाही. रिक्षा थांबायची. जरीच्या साड्या नि कडक इस्त्रीचे सदरे उतरायचे आणि रांगेने नमस्कार करायचे. बाबा मान वळवून तुसडेपणाने म्हणायचे, "काय नय." पाहुणे पत्रिकेत सांगितल्याप्रमाणे गप उभे राहायचे. पोरंसुद्धा. मग बाबा हळूच काठी उचलून डावीकडे दाखवायचे. दर खेपेला ते थोडं जास्त थांबायला लागले. अकरा वाजेपर्यंत त्यांच्या मांडीवर सहा टॉवेल आणि डोक्यावर एकावर एक दोन टोप्या होत्या. एकही पाहुणा हरवला नाही. नवऱ्याकडची पंच्याऐंशी वर्षांची पणजीसुद्धा वेळेवर पोचली.

हरवले ते बँडवाले. ते मोबाइलच्या नकाशाने नदीवर गेले आणि तिथे चाळीस मिनिटं चिखलात उभे राहिले. बँडमास्तर म्हणाला, "आम्हाला पत्रिका कुठं दिलेली?"

अण्णा मांडवात होते. त्यांनी दुसऱ्या पंगतीला जिलबी घेताना मला बोलावलं आणि म्हणाले, "त्याला सांग, उद्या वेळेवर ये." म्हसकरकाकांनी बाबांसाठी ताट भरून स्वतः नेलं.

मला हे सुमेधला कधी सांगते असं झालेलं. फोन उचलेना. मग मी सरळ कल्याणहून बस पकडली आणि बाळकुम नाक्यावर उतरले. पत्ता पगाराच्या फॉर्मवर पाहिलेला. जुनी चाळ पाडून उभी केलेली उंच इमारत, चौदावा मजला. मजल्यावर आठ दारं, सात बंद. उघड्या दारात, खिडकीकडे पाठ आणि बाहेर तोंड करून, एक बारीकशा बाई खुर्चीत बसलेल्या. सुमेधची आई. घरात ही दोघंच.

"तू हिमालय का गं?" त्या म्हणाल्या. "ये ना. दार उघडंच असतं आपलं. सेक्रेटरी ओरडतो, ओरडू दे."

सुमेध नुकताच कुठूनतरी आलेला. मला बघून गोंधळला, पण आधी त्याने त्याचं काम केलं. "आई, आज काय केलंस?"

"काही नाही."

"बरं," म्हणून त्याने सॅक काढली आणि खाली ठेवली.

मी होते तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळाने त्याने परत विचारलं. आई चिडल्या, "अरे, काय करणार मी इथे? बसले होते." त्याने पाणी पिऊन तिसऱ्यांदा विचारलं. मग त्या दाराबाहेर बघत म्हणाल्या, "समोरच्यांच्या दारात नवीन चपला आहेत. लेक आलेली दिसते. एका चपलेचा पट्टा तुटलाय, पिन लावलीय. घाईत निघाली असणार पोर." सुमेधने वही काढून ते लिहून घेतलं, पंक्चरवाल्याचं घेतलं तसंच, तारीख घालून.

आई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "चाळीत तिला दिवस पुरायचा नाही. इथे आल्यापासून खाली उतरलेली नाही ती. दोन वर्षं होतील. चल म्हटलं की म्हणते, खाली काय आहे? बोलायचीच बंद झाली होती. मग मी रविवारी बाहेर जाऊन एकेक माणूस आणायला लागलो तिच्यासाठी. तेवढ्यावर आठवडा निघतो." त्याने कप पुसायला घेतले. "माझी वाचक एकच आहे. तिला हिमालय नको असतो."

मला रडायला आलं आणि राग पण आला. इतके दिवस लेकाचा एक शब्द बोलला नव्हता, आणि मी पण तिसऱ्यांदा कधी विचारलं नव्हतं.

चहावर मी लग्नाची सगळी हकीकत सांगितली. रिकाम्या खुर्चीपाशी आईंनी तोंडावर हात ठेवला, बँडवाल्यांपाशी त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या, फ्रिजवर लावलेली पत्रिका काढली आणि मागची बाजू डोळ्यांजवळ धरून वाचली.

"तो म्हातारा रोज बसतो का रे?"

"रोज."

"मला ने."

सुमेधच्या हातातला कप तसाच राहिला. "कुठे?"

"लिहिलंयस ना तूच? स्टेशनाबाहेर घाई करायची नाही म्हणून. नाही करणार मी घाई."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो, माझी स्पितीची सॅक माझ्या पाठीला. लिफ्टमध्ये आईंनी माझा दंड घट्ट धरलेला. नाक्यावर त्या जरा थांबल्या, पदर सारखा केला, मग बसमध्ये चढल्या त्या स्वतःच्या पायांनी. आंबिवलीला रिक्षावाल्याने विचारलं, "तिथे काय आहे?" आई म्हणाल्या, "ते तुला काय करायचंय? चल."

बाबा खुर्चीत होते, टोपी एकच. आईंनी हात जोडले. बाबांनी "काय नय" म्हटलं नाही. ते उठले, स्वतः गिरणीच्या पायरीवर बसले आणि खुर्ची आईंना दिली.

"कंच्या गावच्या?"

"बाळकुम."

"तिकडं काय हाय बघण्यासारका?"

"काही नाही हो," आई म्हणाल्या. "होतं ते पाडलं."

बाबा नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने आईंनी आपणहून सुरुवात केली. चाळीत अकरा बिऱ्हाडं होती. पहिल्या खोलीत शांताबाई, दारात तुळस नि तोंडात शिव्या. दुसरीत मुका शिंपी, पण त्याची मशीन बोलायची. तिसरीतल्या पोरीचं लग्न आईंनीच जमवलेलं, ते कसं जमवलं यात पाव तास गेला. त्यांचा आवाज मोठा होत गेला, हात चालायला लागले. सुमेधच्या वहीचं पान पान भरत होतं.

"आणि चौथी खोली आमची," आई म्हणाल्या आणि थांबल्या. "आमचं काय? आमच्यात सांगण्यासारखं काही नाही."

सुमेधने वही मिटली. "बरं," म्हणाला, आणि पाठीवरची सॅक काढून खाली ठेवली. मग मी पण माझी ठेवली.